गंधाचा शोध आणि शोधाची खूण

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावर संध्याकाळच्या आरतीच्या वेळी धूप, कापूर, तूप, झेंडूची फुले, नदीकाठचा गाळ आणि माणसांची गर्दी यांचे वास एकत्र आलेले असतात. माणसाच्या नाकाला त्यांचा मिळून एकच वास जाणवतो. कुत्र्याच्या नाकाला मात्र त्यातील घटक वेगवेगळे ओळखता येतात. मैफलीत मुरलेला श्रोता गायकाच्या आवाजामागची सारंगी वेगळी ऐकतो, तसाच काहीसा हा प्रकार आहे. ही शक्ती निसर्गदत्त आहे. परंतु नेमका कोणता वास शोधावयाचा आणि तो सापडल्यावर माणसाला कसे कळवावयाचे, हे मात्र कुत्र्याला शिकवावे लागते.

हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. ७ मार्च २००६ रोजी, मंगळवारी संध्याकाळी, संकटमोचन मंदिरात भाविकांची दाटी असताना स्फोट झाला. त्याच संध्याकाळी वाराणसीच्या कँटोन्मेंट रेल्वे स्थानकावरही स्फोट झाला. दशाश्वमेध भागात प्रेशर कुकरमध्ये ठेवलेला आणखी एक बाँब त्या दिवशी वेळीच सापडला. पुढे ७ डिसेंबर २०१० रोजी शीतला घाटावर आरती चालू असताना पुन्हा स्फोट झाला आणि त्यात एका चिमुकल्या मुलीचा बळी गेला. अशा ठिकाणी प्रत्येक पिशवी उघडून पाहणे अशक्य असते. म्हणूनच गर्दी जमण्यापूर्वी जागा हुंगून पाहणाऱ्या श्वानाचे महत्त्व मोठे आहे.

नाकाची रचना

माणसाच्या नाकात गंध ग्रहण करणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख असतात; कुत्र्याच्या नाकात, जातीनुसार, त्या २० कोटींच्याही वर असतात. हुंगताना तो सेकंदाला साधारण पाच वेळा हवा आत ओढतो. बाहेर पडणारा श्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटींतून मागे वळतो, त्यामुळे समोरचा गंध उधळला जात नाही. मात्र उन्हाने धापा टाकणारा कुत्रा तोंडाने श्वास घेतो आणि त्याचे हुंगणे कमी होते. वाराणसीत मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो आणि घाटाच्या पायऱ्या पंजे पोळतील इतक्या तापतात. अशा दिवसांत हे काम पहाटे उरकून घेणे, मधूनमधून विश्रांती देणे आणि पाणी पाजणे आवश्यक ठरते.

शिक्षणाचा क्रम

या कामासाठी लॅब्राडॉर आणि अल्सेशियन या जाती विशेष वापरल्या जातात. अलीकडे बेल्जियन मॅलिनॉय जातीचाही वापर वाढला आहे. निवड करताना खेळण्याची ओढ पाहतात. चेंडूसाठी जो पुनःपुन्हा धावतो, तो वासासाठीही तितक्याच चिकाटीने शोध घेतो. सीमा सुरक्षा दलाचे टेकनपूर येथील राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र आणि लष्कराचे मेरठ येथील केंद्र ही या शिक्षणाची देशातील प्रमुख ठिकाणे होत.

आरंभी ओळीने डबे मांडतात आणि त्यांपैकी एकातच स्फोटकाचा नमुना ठेवतात. कुत्र्याने त्या डब्याशी नाक नेले की तत्क्षणी चेंडू मिळतो. काही दिवसांत हा वास म्हणजे खेळ, अशी गाठ त्याच्या मनात पक्की बसते. येथे शिक्षकाला फार दक्ष राहावे लागते. सर्व नमुने एकाच माणसाने उघड्या हाताने ठेवले, तर कुत्रा स्फोटकाऐवजी त्या हाताचाच वास शिकतो. यासाठी हातमोजे वापरतात, नमुने वेगवेगळे साठवतात आणि रिकाम्या डब्यांनाही तसाच स्पर्श करतात. आरडीएक्स या स्फोटकाची स्वतःची वाफ अत्यल्प असते. कुत्रा बहुधा त्याच्यासोबतच्या द्रावकांचा वास ओळखतो. म्हणून एकाच नमुन्यावर विसंबून चालत नाही.

त्यानंतर फसवे वास येतात. इतर डब्यांत अन्न, साबण, तेल ठेवतात आणि त्यांच्याकडे वळल्यास बक्षीस देत नाहीत. वाराणसीत काम करावयाच्या श्वानासाठी धूप, कापूर, फुले आणि तूप यांचा या यादीत समावेश करणे उघडच गरजेचे आहे.

खुणेची शिस्त

अमली पदार्थ शोधणारे काही कुत्रे सापडलेली जागा पंजाने उकरून दाखवतात. स्फोटकाच्या बाबतीत हे प्राणघातक ठरेल. म्हणून वास सापडताच शांत बसावे आणि त्या जागेकडे टक लावावी, असे शिकवले जाते. या बसण्याचा अर्थ मर्यादित आहे: ‘शिकवलेला वास येथे आहे’, इतकेच कुत्रा सांगतो. देवदीपावलीला घाटांवर शोभेची दारू उडते. तिच्या उरलेल्या भुकटीजवळ तो बसला, तर त्याला चुकला असे म्हणता येणार नाही. पुढचा निर्णय बाँबशोधक पथकाने घ्यावयाचा असतो.

सर्वांत मोठा धोका कुत्र्याच्या नाकात नसून माणसाच्या अपेक्षेत असतो. २०११ मध्ये अमेरिकेत डेव्हिस येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी १८ श्वानांची त्यांच्या सांभाळकर्त्यांसह परीक्षा घेतली. जागेत शोधावयाचा वास कोठेही ठेवलेला नव्हता; परंतु कागदी खुणेच्या जागी तो असू शकेल, असे सांभाळकर्त्यांना सांगण्यात आले होते. १४४ शोधांपैकी केवळ २१ शोधांत एकही खोटा इशारा मिळाला नाही. सांभाळकर्त्याचे रेंगाळणारे पाऊल किंवा ताणलेली दोरी कुत्र्याला कळते आणि मालकाला हवे ते तो करून दाखवतो. यावर उपाय एकच आहे. नमुना कोठे आहे, आहे की नाही, हे सांभाळकर्त्यालाही ठाऊक नसावे, अशा चाचण्या वारंवार घ्याव्यात आणि चुकांचीही प्रामाणिक नोंद ठेवावी.

या शिक्षणाचे मोल मुंबईने अनुभवले आहे. १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर पुण्यात शिकलेला ‘जंजीर’ नावाचा पोलिसांचा लॅब्राडॉर शोधकार्यात उतरला. ३,३२९ किलो आरडीएक्स आणि ६०० डिटोनेटर शोधल्याचे श्रेय त्याला दिले जाते. नोव्हेंबर २००० मध्ये तो मरण पावला, तेव्हा त्याला शासकीय इतमामाने निरोप देण्यात आला.

मात्र असे श्वान एकदा शिकून कायमचे तयार होत नाहीत. महिनोन्महिने काहीच सापडले नाही, तर त्यांची उमेद खचते. म्हणून मधूनमधून नमुना लपवून शोधाचा आनंद त्यांना द्यावा लागतो. नागरिकांकडून अपेक्षा थोडीच आहे: कामावर असलेल्या श्वानाला हाक मारू नये, खाऊ घालू नये, आणि तो शांत बसला तर पोलीस सांगतील तसे लगेच दूर व्हावे.