आंतरराष्ट्रीय संशोधन सहकार्य : पैसा कोणाचा, वाटा कोणाचा?

४ डिसेंबर २०१५ रोजी ‘सागर निधी’ हे भारतीय संशोधन जहाज गोव्यातून हिंदी महासागराच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेवर निघाले. पहिली मोहीम १९५९ ते १९६५ या काळात पार पडली होती. जगातील सर्वांत कमी अभ्यासलेला महासागर म्हणून त्या वेळी हिंदी महासागराची निवड झाली, युनेस्कोने या कार्यास पाठबळ दिले आणि विविध राष्ट्रांच्या चाळीसहून अधिक जहाजांनी हे पाणी पिंजून काढले. भारताकडे त्या काळी स्वतंत्र सागरी संशोधन जहाजांचा ताफा नव्हता. नौदलाचे ‘किस्तना’ हे जहाज या कामी लावण्यात आले. कोचीन येथे १९६२ साली एक केंद्र उभारण्यात आले व निरनिराळ्या देशांच्या जहाजांनी गोळा केलेले प्राणिप्लवकांचे नमुने तेथे निवडण्यासाठी येऊ लागले. मोहिमेतील भारतीय कार्यक्रमाचे सूत्रधार डॉ. एन. के. पणिक्कर होते. मोहीम आटोपताच, १ जानेवारी १९६६ रोजी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि डॉ. पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले. दोनापावल येथे आज दिमाखाने उभी असलेली संस्था ती हीच.

हा इतिहास येथे सांगण्याचे प्रयोजन असे, की आंतरराष्ट्रीय सहकार्याचा पैसा कसा चालतो याचा संपूर्ण धडा त्यात आहे. या मोहिमेसाठी कोणा धनाढ्य राष्ट्राने भारताला पैसा देऊन टाकला नव्हता. प्रत्येक राष्ट्राने आपले जहाज, आपले इंधन, आपली माणसे यांचा भार स्वतः उचलला. भारताचा वाटा जहाजांच्या संख्येत मोजण्यासारखा नव्हता; परंतु ज्याच्या किनाऱ्यावर हा महासागर आहे, ज्याच्या शेतीचे भवितव्य या पाण्यावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांवर अवलंबून आहे, अशा देशाला वगळून ही मोहीम पुरी होणे शक्य नव्हते. आपल्या महाविद्यालयांतील अनेक तरुण प्राध्यापक व संशोधक ‘परदेशी अनुदान कोठे मिळेल?’ अशी पृच्छा करीत असतात. प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो उलट्या टोकाकडून विचारलेला आहे. बहुतांश योजनांत पैसा सीमा ओलांडत नाही. भारतीय पक्षाचा खर्च भारत सरकार करते, परदेशी पक्षाचा खर्च त्याचे सरकार करते, आणि दोहोंना बांधणारी गोष्ट असते ती एकच संशोधन-समस्या.

या तत्त्वाचे सर्वांत जुने व सुस्थिर उदाहरण म्हणजे १९८७ साली नवी दिल्ली येथे स्थापन झालेले प्रगत संशोधनासाठीचे भारत-फ्रान्स केंद्र. ‘सेफिप्रा’ या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. उभय सरकारांच्या निधीवर ते चालते. प्रस्तावावर एक भारतीय व एक फ्रेंच असे दोन प्रमुख संशोधक असावे लागतात. कोणा एकट्याचा अर्ज तेथे विचारातच घेतला जात नाही. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांनी काही काळ दुसऱ्या देशाच्या प्रयोगशाळेत काम करावे यासाठी २०१३ साली सर चंद्रशेखर वेंकट रामन आणि जॉर्ज शार्पाक या दोन नोबेल मानकऱ्यांच्या नावे एक शिष्यवृत्तीही सुरू झाली.

जर्मनीशी असलेल्या सहकार्याचे स्वरूप थोडे निराळे आहे. २०१० साली स्थापन झालेल्या भारत-जर्मन विज्ञान व तंत्रज्ञान केंद्राच्या प्रमुख योजनेत दोन्ही देशांकडून एकेक संशोधन संस्था व एकेक उद्योग असे चार भागीदार लागतात. उद्योगाला बरोबर घेण्याची ही अट आपल्याकडे अनेकांना जाचक वाटते. परंतु ज्यांच्या संशोधनाचा ओढा औषधनिर्मिती, जलशुद्धीकरण वा यंत्रनिर्मितीकडे आहे त्यांच्यासाठी ती अडचण नसून सोय आहे. याउलट, विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि जर्मनीची विद्यापीठीय आदानप्रदान सेवा यांची जी संयुक्त योजना आहे ती प्रामुख्याने माणसांच्या येण्याजाण्याचा व निवासाचा खर्च देते. तिच्या भरवशावर उपकरण घेण्याचा बेत कोणी आखू नये. अर्ज करण्यापूर्वी योजना कशासाठी आहे हे न पाहिल्यामुळे फेटाळले जाणारे प्रस्ताव थोडेथोडके नसतात.

वाटा केवळ रोख रकमेनेच उचलावा लागतो असेही नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यात येत असलेली गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा पहावी. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. भूमी, इमारती, निर्वात नळ्या हा भारताचा भाग. मापन-यंत्राचे कळीचे भाग अमेरिकेकडून. असे प्रकल्प सरकारांच्या पातळीवर ठरतात व एकट्या प्राध्यापकाच्या अर्जाचा तेथे संबंध नाही, हे खरे. तथापि तत्त्व तेच आहे, आणि छोट्या प्रकल्पातही आपण काय देणार हे सांगताना ते उपयोगी पडते.

सामाईक थैलीतून पैसा देणाऱ्या योजनाही आहेत, पण त्या मोजक्या. स्ट्रासबर्ग येथून चालणारा ‘ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्राम’ हा त्यांतील नामांकित होय. जपानच्या पुढाकाराने १९८९ साली तो सुरू झाला व भारत त्याचा सदस्य आहे. जीवशास्त्रातील मूलभूत प्रश्नांवर निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांच्या गटांना तो अनुदान देतो. प्राथमिक निष्कर्ष हाती असलेच पाहिजेत असा त्याचा आग्रह नाही. कल्पनेचे नावीन्य मात्र पारखले जाते, आणि ही पारख कठोर असते. युरोपीय संघाच्या संशोधन कार्यक्रमाचा अनुभव वेगळा. २०१४ पूर्वी त्याच्या चौकटीत निवड झालेल्या भारतीय संस्थांना युरोपच्या तिजोरीतून पैसा मिळत असे. २०१४ साली सुरू झालेल्या कार्यक्रमात भारत, चीन, ब्राझील, रशिया, मेक्सिको या देशांना आपोआप मिळणारे हे अर्थसाहाय्य बंद झाले. सहभागी व्हा, पण आपला खर्च आपण पहा, असा त्याचा सरळ अर्थ. ज्यांचे सर्व बेत दुसऱ्याच्या तिजोरीवर उभे होते त्यांची त्या वेळी तारांबळ उडाली.

तिजोरी दुसऱ्याची असली की किल्लीही दुसऱ्याची असते, याचा एक जुना दाखला आहे. अमेरिकेच्या ‘पी. एल. ४८०’ कायद्यान्वये भारताने घेतलेल्या धान्याची किंमत रुपयांत चुकती होई व ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर साचत. त्यांतील काही भाग भारतीय प्रयोगशाळांतील संशोधनाला मिळे. (१९७४ साली यांपैकी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश अमेरिकेने भारताला परत दिला, संशोधनाच्या वाट्याला आलेली रक्कम त्या मानाने नगण्यच.) या निधीतून दिल्लीत १९६९ च्या सुमारास डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचा प्रकल्प सुरू झाला. जागतिक आरोग्य संघटना व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद त्यात भागीदार होत्या. निर्बीज केलेले डास सोडून त्यांची पैदास रोखावी ही कल्पना शास्त्रीयदृष्ट्या चांगली होती. पण गोळा होणारी माहिती कोणासाठी, तिचा अन्य उपयोग होईल काय, पीतज्वर पसरविणाऱ्या डासाचाच अभ्यास एवढ्या आस्थेने का, असे प्रश्न १९७४ साली वृत्तपत्रांतून उठले. एप्रिल १९७५ मध्ये लोकसभेच्या लोकलेखा समितीने संशोधन प्रकल्पांतील परकीय सहभागावर आपला १६७ वा अहवाल सादर केला. सोनीपत येथील नियोजित प्रयोग होऊ शकला नाही व प्रकल्प गुंडाळला गेला. शंका कितपत साधार होत्या याविषयी आजही मतभेद आहेत. पण भारतीय शास्त्रज्ञांना आपल्याच प्रकल्पाविषयी संसदेच्या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे देता आली नाहीत, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला अधिक महत्त्वाची वाटते. नमुने कोणाचे, माहिती कोणाची, शोधनिबंधावर नावे कोणाची, हे करारातच लिहिलेले असावे, हा या प्रकरणाचा धडा होय.

आज ज्या परवानग्यांना संशोधक कंटाळतात त्यांच्यामागे असाच अनुभव आहे. आरोग्यविषयक संशोधनात परदेशी भागीदार असल्यास प्रस्ताव आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीपुढे जातो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार परदेशी व्यक्ती व संस्थांना आपली जैवसंपदा संशोधनासाठी नेण्यापूर्वी राष्ट्रीय प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मंजूर झालेल्या सहकार्य प्रकल्पांना मात्र त्यात सवलत आहे. पश्चिम घाटातील वनस्पती वा मांडवीच्या खाडीतील जीवाणू यांवर काम करणाऱ्यांनी ही तरतूद आधी वाचावी. खाजगी न्यास वा संस्था यांनी थेट परदेशातून पैसा स्वीकारायचा झाल्यास २०१० चा परकीय अंशदान कायदा लागू होतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेने दुसरीकडे वर्ग करण्यासही बंदी आहे. एका मोठ्या संस्थेने अनुदान घ्यावे व चार महाविद्यालयांत वाटावे, हा पूर्वीचा मार्ग त्यामुळे बंद झाला आहे.

समतोल सहकार्य कसे असते याचे उदाहरण शोधण्यास गोव्याबाहेर जाण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि जर्मनीची हेल्महोल्ट्झ संघटना यांच्यात झालेल्या करारातून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था व ब्रेमरहाफेनची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग हाती घेतला. नावातील ‘लोह’ आपलेच. दक्षिण अटलांटिकमध्ये सुमारे ३०० चौरस किलोमीटर क्षेत्रात लोहक्षार सोडून सूक्ष्म वनस्पती किती वाढतात व त्यांच्याबरोबर किती कार्बन तळाशी जातो हे पहावयाचे होते. जहाज जर्मनीचे, ‘पोलारस्टर्न’. मोहिमेचे नेतृत्व जर्मनीकडून व्हिक्टर स्मेटाचेक आणि भारताकडून वजीह नक्वी यांच्याकडे. जानेवारी २००९ मध्ये केपटाऊनहून जहाज निघाले आणि पर्यावरणवाद्यांच्या आक्षेपांमुळे जर्मन सरकारने प्रयोग स्थगित केला. तज्ज्ञांचे अभिप्राय मागवून २६ जानेवारीस परवानगी मिळाली. निष्पत्ती अपेक्षेहून निराळी निघाली : सिलिकाच्या कवचाच्या शैवलांची वाढ झाली नाही, जी अन्य शैवले वाढली ती लहान प्राण्यांनी फस्त केली, आणि फारच थोडा कार्बन खोल गेला. समुद्रात लोखंड टाकून हवामानाचा प्रश्न सुटेल या भाबड्या आशेला त्यामुळे चांगलाच चाप बसला. त्यासाठी झालेला खर्च वाया गेला असे म्हणता येत नाही.

आता छोट्या महाविद्यालयातील अध्यापकाने काय करावे? आपल्यापाशी असे काय आहे जे परदेशी प्रयोगशाळेपाशी नाही, याचा प्रथम शोध घ्यावा. खाजन शेतीतील खारटपणाच्या सलग दहा वर्षांच्या नोंदी, पावसाळ्यात दर आठवड्याला झुवारीतून घेतलेले पाण्याचे नमुने, एखाद्या तालुक्यातील विहिरींच्या पातळीची वही, ही पुंजी पॅरिसमध्ये वा हँबुर्गमध्ये विकत मिळत नाही. त्या आधारे स्वतःचा एक चांगला निबंध प्रसिद्ध करावा आणि मगच अनुरूप शास्त्रज्ञाला पत्र लिहावे. पत्र एका पानाचे असावे. त्यात स्तुती कमी व प्रश्न नेमका असावा. पहिल्याच पत्रात पैशाचा विषय काढू नये. पुढची पायरी म्हणजे एकमेकांचे काम प्रत्यक्ष पाहणे. त्यासाठी ट्रीस्ट येथे अब्दुस सलाम यांनी १९६४ साली स्थापन केलेल्या सैद्धांतिक भौतिकी केंद्राच्या सहयोगी योजना विकसनशील देशांतील पदार्थविज्ञान व गणिताच्या अध्यापकांना फार उपकारक ठरल्या आहेत. सागरविज्ञानात आंतरराष्ट्रीय संघटनांच्या अल्पमुदतीच्या अभ्यासवृत्त्या आहेत. मोठा प्रस्ताव हा बहुधा अशा छोट्या भेटीचे अपत्य असतो.

प्रस्ताव लिहिताना अंदाजपत्रक आपल्या लेखाविभागात बसून करावे. यंत्राबरोबर सीमाशुल्क, देखभाल व विजेचा खर्च येतो. तो विसरला की दुसऱ्या वर्षी यंत्र झाकून ठेवावे लागते. मागील अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र थकले असेल तर नव्या अर्जापूर्वी ते धाडावे, कारण पुढचा हप्ता त्याच कागदावर अडतो. आणि मुदतीची तारीख दोन्ही देशांत पडताळून पहावी. अनेक योजनांत भारतीय संशोधकाने भारतीय विभागाकडे व परदेशी संशोधकाने आपल्या विभागाकडे स्वतंत्रपणे अर्ज करावयाचा असतो. दोहोंपैकी एक उशिरा पोहोचला, तर वेळेवर पोहोचलेला दुसराही बाद होतो.