नाण्याचे वजन आणि नाण्याची किंमत

सदर बाजारात तुम्ही दागिना मोडायला गेलात, तर सराफ तो आधी काट्यावर ठेवतो, त्याचा कस पाहतो आणि त्या दिवसाच्या भावाने हिशेब सांगतो. सोन्याची किंमत सोन्यातच असते. नाण्याचे तसे नाही. हा फरक ठाऊक नसला, तर साठवलेले पैसे नुकसानीत जातात.

मागे याच भागात राहणाऱ्या एक काकू नाण्यांनी भरलेला स्टीलचा डबा घेऊन आमच्या शाखेत आल्या. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. "दहाची नाणी बाजारात कोणी घेत नाही. एक जण आठ रुपयांना एक मागतोय, देऊन टाकू का? आणि पाचची जुनी जाड नाणी वितळवली तर जास्त पैसे येतात म्हणे, खरं का?"

आधी पाचच्या नाण्याचे पाहू. ते जाड नाणे ९ ग्रॅमचे, कप्रोनिकेल या मिश्रधातूचे. त्यात ७५ टक्के तांबे आणि २५ टक्के निकेल असते. मे २००७ मध्ये लंडनच्या धातुबाजारात निकेल टनाला ५० हजार डॉलरच्या वर गेले होते आणि तांबे ७ हजारांच्या वर. डॉलर साधारण ४१ रुपयांना होता. हेच आकडे धरून हिशेब करा:

निकेल २.२५ ग्रॅम : सुमारे ४ रुपये ६० पैसे
तांबे ६.७५ ग्रॅम : सुमारे १ रुपया ९५ पैसे
एकूण : सुमारे साडेसहा रुपये

म्हणजे पाच रुपयांच्या नाण्यात पाचापेक्षा जास्त किमतीचा धातू होता. त्याच वर्षी पाचचे नाणे स्टीलचे झाले. रुपयाचे नाणे १९९२ पासून आणि दोनचे २००५ पासून स्टीलचे होतेच. २००९ पासून पाचचे नाणे पितळी रंगाचे आले, त्यात निकेल फक्त ५ टक्के.

पण २००८ संपता संपता निकेल १० हजार डॉलरच्या आसपास उतरले. धातू चढला तेव्हा आणि उतरला तेव्हाही, दुकानात त्या नाण्याचे पाचच रुपये होते. शिवाय नाणी वितळवणे हा नाणे अधिनियम, २०११ नुसार गुन्हा आहे. त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता दहाचे नाणे. २०१८ मध्ये माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार ते पाडायला ५ रुपये ५४ पैसे खर्च येत होता, तर एक रुपयाच्या नाण्याला १ रुपया ११ पैसे. म्हणून दहाचे नाणे साडेपाचाचे होत नाही आणि रुपयाचे नाणे महागही होत नाही. नाण्यावर छापलेली किंमत कायद्याने ठरते.

दहाच्या नाण्याची नक्षी वेगवेगळी असते, म्हणून लोकांना शंका येते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, तोवर निघालेल्या १४ प्रकारांतली सगळी नाणी चलनात वैध आहेत.

लक्षात ठेवा

• नाणे छापील किमतीपेक्षा कमी पैशांत कोणालाही देऊ नका.
• एक रुपया व त्यावरील नाण्यांनी एका वेळी १,००० रुपयांपर्यंतची रक्कम कायदेशीरपणे देता येते.
• बँकेत नाणी भरण्यावर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही. शंभर-शंभरच्या पिशव्या करून आणल्या, तर मोजणी लवकर होते.
• "जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा" असा फोन आला, तर फोन ठेवून द्या.

काकूंची नाणी आम्ही मोजून त्यांच्या बचत खात्यात पूर्ण किमतीला जमा केली. डब्यात त्यांच्यावर एक पैसाही व्याज मिळत नव्हते. तुमच्या घरातही असा डबा असेल, तर या आठवड्यात तो उघडा.