बैठे काम आणि रक्तवाहिन्यांचे आरोग्य



"आम्ही कष्टकरी, आम्हाला बसण्याचा कसला त्रास?" असे आपण म्हणतो. पण सगळे कष्ट काही उभ्याने होत नाहीत. रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे येथील मूर्तिकार गणपतीच्या आधी तासन्‌तास एका जागी बसून रंगकाम, डोळ्यांची आखणी करतात. रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांत यंत्रांवर लक्ष ठेवणारा कामगार पाळीभर खुर्चीत असतो. आणि आपण? ट्रॅक्टरवर, नाहीतर वजनकाट्यापुढच्या रांगेत!

चालताना पोटरीचे स्नायू रक्त हृदयाकडे वर ढकलतात. बसले की हे काम थांबते. रक्त पायांत साचते, त्याचा वेग मंदावतो आणि गरजेप्रमाणे रुंदावण्याची धमनीची ताकद घटते. असे रोजच होत राहिले तर धमन्या कठीण होण्याचा धोका वाढतो.

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात सौरभ ठोसर व सहकाऱ्यांनी हे तपासले. अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. निरोगी तरुणांना पाय न हलवता ३ तास बसविले, तेव्हा पहिल्या तासातच मांडीतील धमनीची ही ताकद निम्म्यापर्यंत उतरली. त्याच ३ तासांत तीन वेळा ५-५ मिनिटे सावकाश चालविले, तेव्हा ती टिकून राहिली.

म्हणून तासातून एकदा तरी उठा, ५ मिनिटे फेरी मारा. रांगेत असाल तर खाली उतरा. कामाचा खोळंबा होत नाही. मात्र एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, तर चोळत बसू नका. लगेच डॉक्टर गाठा.