घटनेचे कलम आणि खासगी मालक : दावा का फेटाळला जातो?

धुळ्याचा यंत्रमागधारक असो वा जळगावचा दुकानदार, खासगी मालकाने धर्म पाहून गाळा नाकारला की पहिला विचार येतो : घटनेने समान हक्क दिला आहे, कोर्टात जाऊ. राग रास्त आहे; पण केवळ या आधारावरचा दावा सहसा टिकत नाही. का, ते पाहू.

कलम 14 ची समानता शासनाविरुद्ध मागता येते. कलम 12 प्रमाणे शासन म्हणजे सरकार, महापालिका व इतर सार्वजनिक अधिकारी संस्था. म्हणून महापालिकेच्या मार्केटात गाळेवाटपात भेदभाव झाला, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट अर्ज करता येतो. खासगी मालक मात्र शासन नव्हे.

हा मुद्दा जुना आहे. मुंबईच्या सेंट्रल बँकेने थकीत कर्जापोटी शामदासानी यांचे शेअर विकले. बँक तेव्हा खासगी होती. मालमत्तेचा मूलभूत हक्क हिरावला, ही त्यांची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने 1951 साली फेटाळली. हा हक्क खासगी पक्षाविरुद्ध चालत नाही, असे ठरवले. 2005 साली अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेची, सभासदत्व पारशांपुरते ठेवणारी उपविधीही न्यायालयाने मान्य केली.

अपवाद आहेत. कलम 17 ची अस्पृश्यताबंदी व कलम 23 ची वेठबिगारीबंदी खासगी व्यक्तींनाही लागू आहे. कलम 15(2) प्रमाणे दुकान, सार्वजनिक उपाहारगृह, हॉटेल यांत ग्राहकाला धर्मावरून अडवता येत नाही. 2023 साली घटनापीठाने बहुमताने कलम 19 व 21 चे हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतील असे म्हटले. कलम 14 त्यात नाही. गाळा भाड्याने देताना धर्म पाहण्यास मनाई करणारा सर्वसाधारण कायदा देशात नाही.

मग करावे काय? दावा साध्या कायद्यावर उभा करावा. मालकाने करार करून, बयाणा घेऊन माघार घेतली, तर करार बजावण्याचा दावा करावा. चालू गाळ्याला परस्पर कुलूप ठोकून ताबा काढला, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 च्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा करावा; तेथे मालकी नव्हे, ताबा तपासला जातो. चुकीच्या कलमामागे धावताना हीच मुदत निघून जाते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी व नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तरीही पावती, नोटीस, वीजबिल जपून ठेवावे.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. व्यापारी बंधूंनो, गाळ्याचा व्यवहारही त्याच शिस्तीने करावा आणि वकिलाकडे जाताना कागद बरोबर न्यावेत, ही आमची विनंती.