सत्कार सकाळी उरका

यंदा ज्यांच्या गळ्यात सांस्कृतिक विभाग पडला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यातही जे तासिका तत्त्वावर आहेत, ज्यांना ‘तुम्ही तरुण आहात, मुलं तुमचं ऐकतात’ असं म्हणून हे काम दिलं जातं, त्यांनी तर जरूर वाचावं. मी सांगते तो प्रकार बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या गॅदरिंगच्या रात्री घडला. कॉलेजचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही. पण त्या रात्रीनंतर माझ्याबद्दल गावात जे बोललं गेलं, त्याचं उत्तर मी आजवर कुठे दिलेलं नाही. तेही इथेच देते.

गॅदरिंग जानेवारी-फेब्रुवारीत होतं. आमच्या जिल्ह्यात या दिवसांत धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतली गावं निम्मी रिकामी असतात. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचे कोयते साखर कारखान्यांकडे निघतात, ते पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावरच परततात. कॉलेजातली कितीतरी मुलं या काळात आजीजवळ, चुलत्याकडे नाहीतर वसतिगृहात राहतात. त्यांच्या गॅदरिंगला आईबाप येत नाहीत, कारण येणं म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम आगाऊ दिलेल्या उचलीत लावतो. हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच पुढचं सगळं नीट कळेल.

आमच्या मुलींनी त्या वर्षी नाटक स्वतः लिहिलं होतं. विषय त्यांच्याच घरातला. उचल, कोपी, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी बाई, आणि ‘पिशवी काढून टाक, म्हणजे खाडे पडणार नाहीत’ असं तिला सांगणारी माणसं. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा हा प्रश्न वर्तमानपत्रांत गाजला, विधिमंडळात पोचला. या मुलींना तो वर्तमानपत्रातून कळला नव्हता. मी फक्त संहिता थोडी छाटली. मुकादमाचं काम करणाऱ्या मुलीचे संवाद तर मी एकही बदलले नाहीत, कारण मुकादम कसा बोलतो हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. नाटक बरोबर तीस मिनिटांत बसवलं, कारण पुढे ते विद्यापीठाच्या युवक महोत्सवात न्यायचं होतं. छत्रपती संभाजीनगरचं आपलं विद्यापीठ चार जिल्ह्यांचं आहे. तिथे एकांकिका लांबली की गुण जातात आणि घड्याळ सगळ्यांना सारखं असतं, हे मुलींना मी पहिल्या तालमीपासून सांगत होते.

कार्यक्रमपत्रिका प्राचार्यांच्या सहीने ठरली होती. पाच वाजता उद्घाटन, साडेपाचपासून विविध गुणदर्शन, नऊला समारोप. लांबच्या गावांच्या मुलींचे नाच आणि गाणी आधी ठेवली, म्हणजे त्यांना मुक्कामी गाडी मिळेल. नाटक सातला. पोलिस ठाण्याची ध्वनिक्षेपकाची परवानगी रात्री दहापर्यंतची.

पाहुणे सव्वाआठला आले.

संस्थेचे एक पदाधिकारी आहेत, सगळे त्यांना साहेब म्हणतात. पाहुणे त्यांनी आणले होते. पाच वाजल्यापासून मी त्यांना विचारत होते, की मुलांचं सुरू करू का, पाहुणे आले की थांबवून उद्घाटन घेऊ. दर वेळी एकच उत्तर. ‘निघालेत, पोचतीलच.’ स्वागतगीताच्या मुली नऊवारी नेसून तीन तास विंगेत उभ्या होत्या, कारण बसलं की निऱ्या मोडतात. चेहऱ्यावरचा मेकअप उतरून त्यांच्या गळ्यापर्यंत आला होता. मुक्कामी गाड्या एकेक करून गेल्या. काही मुली न नाचताच गेल्या. ज्या थांबल्या त्या, ‘मॅडम, तुम्ही सोडाल ना?’ असं मला विचारून थांबल्या.

पाहुणे आल्यावर तरी लवकर आटपेल असं वाटलं होतं. प्रतिमापूजन झालं, दीपप्रज्वलन झालं, आणि सत्कार सुरू झाले. पत्रिकेवर तीन सत्कार होते. पण सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाच्या हातात चिठ्ठ्या येऊ लागल्या. पाहुण्यांसोबत आलेल्यांचा सत्कार, त्यांच्या गाडीत आलेल्यांचा, संस्थेच्या सभासदांचा, एका सभासदाच्या चिरंजीवांचा. प्रत्येकाला फेटा, शाल, श्रीफळ, आणि फोटो नीट येईपर्यंत सगळ्यांनी उभं राहायचं. तो मुलगा चिठ्ठी वाचताना दर वेळी माझ्याकडे बघायचा. मी काय सांगणार होते? त्याच्या पाठीशी साहेब उभे होते. मग प्रास्ताविक झालं, मग साहेबांचं मनोगत, मग पाहुण्यांचं भाषण. पाहुणे चांगले बोलले की वाईट, हे मी सांगू शकत नाही, कारण मी एका कागदावर वेळा लिहीत होते. कुठली बाब कधी सुरू झाली आणि कधी संपली, याची ओळीने नोंद. तो कागद पुढे उपयोगी पडला.

पावणेदहाला मी साहेबांपाशी गेले. म्हटलं, ‘साहेब, नाटक तीस मिनिटांचं आहे. निदान त्याचा शेवटचा प्रवेश तरी होऊ द्या. मुली संध्याकाळपासून तयार बसल्यात.’ त्यांची नजर मोबाइलवर होती, मघाचेच फोटो कुणाला तरी पाठवत होते. मान वर न करता म्हणाले, ‘अहो मॅडम, पोरींचं काय, कवाबी होईल. पाहुणे रोज येत नसतात.’ प्राचार्य शेजारीच होते. त्यांनी चपलेकडे पाहिलं.

तोपर्यंत मी समजत होते, की कार्यक्रम बिघडला आहे आणि आम्ही सगळे मिळून तो सावरायला बघतो आहोत. त्या क्षणी कळलं, की त्यांच्या लेखी काहीच बिघडलेलं नाही. पाहुणे आले, सत्कार झाले, फोटो निघाले. ज्यासाठी मांडव घातला होता ते झालं होतं. मुलांचे नाच, गाणी, नाटक हे पाहुणे येईपर्यंत मांडव भरलेला दिसावा म्हणून होतं. महिनाभराच्या तालमी, मुलींनी काढलेली वर्गणी, सगळं त्यासाठी. अंगावरून वारं गेल्यासारखं झालं. राग नंतर आला, आणि तो अजून गेलेला नाही.

दहाला जमादार आले, नम्रपणे म्हणाले, ‘मॅडम, आता बंद करावं लागेल.’ त्यांना मी दोष देत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातल्या पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत देता येते, पण ते दिवस गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या यांत जातात. कॉलेजच्या गॅदरिंगला त्यातलं काही मिळेल ही आशा धरू नका.

मुकादमाचं काम करणाऱ्या मुलीची आई आली होती. सोलापूरकडच्या एका फडावरून, खाडा पाडून, एसटीचं अर्धं तिकीट काढून. पाचपासून पुढच्या सतरंजीवर बसून होती. दिवे विझायला लागले तशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘मॅडम, माझ्या पोरीचं कोणतं व्हतं?’ तिला वाटलं, झालं असेल आणि आपल्यालाच ओळखू आलं नसेल. तिच्या मागे तिची मुलगी फेटा बांधून, कोळशाच्या मिशा काढून उभी होती.

पुढचं थोडक्यात. थांबलेल्या मुलींसाठी मी दोन काळीपिवळी जीप ठरवल्या, एकीत स्वतः बसले आणि प्रत्येकीला दारात सोडलं. शेवटच्या गावाला पोचायला बारा वाजून गेले. दुसऱ्या दिवशी तालुक्यात बोललं गेलं, की मॅडमनी गॅदरिंगच्या नावाखाली पोरी मध्यरात्री घरी आणल्या. आठवड्याच्या आत मला पत्र मिळालं. कार्यक्रमाच्या नियोजनात त्रुटी राहिल्या, विद्यार्थिनींना परतायला उशीर झाला, लेखी खुलासा करावा. पत्र ज्यांच्या सांगण्यावरून निघालं, त्यांच्या मनोगताला किती मिनिटं लागली ते माझ्या कागदावर होतं. मी तो कागद जसाच्या तसा खुलाशाला जोडला आणि आवक क्रमांक घेतला. त्यावर आजतागायत उत्तर नाही. पुढच्या वर्षी मात्र तासिकांच्या यादीत माझं नाव नव्हतं. वर्कलोड कमी झाला म्हणाले.

आता तुम्ही काय करावं ते सांगते.

सत्कार आणि भाषणं सकाळी, वेगळ्या कार्यक्रमात घ्या. उद्घाटन सकाळी अकराला, गुणदर्शन दुपारी एकला. पाहुणे उशिरा आले तर त्यांचं उद्घाटन पुढे जाईल, मुलांचा वेळ जाणार नाही. ‘दिवसा मजा येत नाही, लाइटिंग दिसत नाही’ असं सगळे म्हणतील, मुलंही म्हणतील. म्हणू द्या. आमच्याकडे मुलीचं संध्याकाळी नाचणं हे मुक्कामी गाडीच्या वेळेवर अवलंबून असतं.

संध्याकाळीच करायचं असेल तर बंदिस्त सभागृहात करा. दहाच्या नियमातून सभागृहाच्या आतल्या आवाजाला मोकळीक आहे, उघड्या मैदानाला नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर निदान नाटक तरी झालं असतं. मी पोलिस ठाण्यात तीनदा गेले, पण हा मुद्दा कोणी काढला नाही.

मुलींना सोडायची सोय कार्यक्रमाच्या खर्चातच धरा. एसटी प्रासंगिक करारावर मिळते, त्यासाठी आगारात आधी अर्ज करून पैसे भरावे लागतात. अर्जावर प्राचार्यांची सही घ्या, तुमची नको. प्रत्येक मुलीच्या घरच्यांचा फोन नंबर आणि लेखी संमती जवळ ठेवा. आईबाप फडावर असतील तर आजीचा अंगठा चालतो.

पत्रिकेत बदल फक्त लेखी घ्यायचा. सूत्रसंचालकाला आलेली प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवायला सांगा. चिठ्ठीवर कुणाची सही नसते, पण अक्षर असतं. वेळांची नोंद तुम्ही स्वतः करा, ती मुलांवर टाकू नका, उद्या त्यांनाच त्रास होतो. आणि आपल्या मागे विद्यार्थी प्रतिनिधी उभा राहील असं धरून चालू नका. कॉलेजांतल्या खुल्या निवडणुका १९९४ पासून बंद आहेत. पूर्वी निवडून आलेला गॅदरिंग सेक्रेटरी संस्थेच्या माणसासमोर मोठ्याने बोलू शकायचा, कारण त्याच्या मागे मतं होती. आज नेमलेल्या मुलाला आधी आपला दाखला आणि आपली हजेरी दिसते. त्याचा यात दोष नाही.

नाटक दुसऱ्या लेखकाचं असेल तर लेखी परवानगी काढा. आपलीच मुलं, आपलाच कर्मचारीवर्ग आणि पालक यांच्यापुरत्या प्रयोगाला १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यात सूट आहे. बाहेरचे प्रेक्षक आले की ती धरून चालता येत नाही. जनरेटरचं डिझेल आदल्या दिवशी आणा. प्रथमोपचाराची पेटी ठेवा. पिण्याचं पाणी भरपूर ठेवा. सगळ्यांशी गोड बोला. हे सगळे सांगतात, मीही केलं होतं.

‘आपल्याकडच्या लोकांना भाषणंच लागतात, त्यांना कलेतलं काय कळतं’ असं कुणी ऐकवलं तर गप्प बसू नका. याच जिल्ह्यात अंबाजोगाईला नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह भरतो. शास्त्रीय गाणं आणि कविसंमेलन ऐकायला माणसं येतात आणि मन लावून ऐकतात. भारूड, कीर्तन रात्ररात्र ऐकणारा हा मुलूख आहे. बाहेरून आलेल्या कुणाला हे ठाऊक नसेल तर समजू शकते. इथे जन्मलेल्या माणसाने हे म्हणावं, याचा मला संताप येतो.

शेवटचं पैशांचं. ढोलकीवाल्याचं मानधन आणि ड्रेपरीचं भाडं त्याच रात्री, मांडवातच द्या, आणि त्यासाठीची आगाऊ रक्कम कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कार्यालयातून उचला. नंतर मिळतील या भरवशावर राहू नका. आमच्या ढोलकीवाल्या मामांनी त्या रात्री ढोलकी पिशवीतून बाहेर काढलीच नाही, म्हणून कार्यालयाने त्यांचं व्हाउचर परत पाठवलं. वाजवलं नाही तर मानधन कशाचं, असा शेरा मारून. ते दुपारपासून येऊन बसले होते. त्यांचे पैसे मी दिले, ड्रेपरीचेही दिले. दोन्ही पावत्या प्राचार्यांच्या नावाच्या अर्जासोबत कार्यालयात जमा आहेत, पोच माझ्याकडे आहे, आणि मी ते पैसे मागत राहणार आहे.