नागपूरच्या रामदासपेठेतल्या आडोशाच्या परमिट रूम : संध्याकाळची पायी फेरी कशी न्यावी

सहा ते आठ जण पुरेत. आतल्या गल्ल्यांमधल्या परमिट रूममध्ये टेबलं मोजकी असतात, आणि रोजच्या गिऱ्हाइकाला उठवून आपली माणसं बसवणं बरं नाही.

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला धरा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि अंधार पडल्यावरही डांबर तापलेलंच असतं. त्या दिवसांत पायी फिरण्यात काही अर्थ नाही. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असेल तर ते दिवस टाळा, शहरात बंदोबस्त आणि गर्दी दोन्ही असतात. ड्राय डेची यादी आधी बघून घ्या. नोव्हेंबरच्या आधी जायचं झालंच तर लक्षात ठेवा, दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो आणि लाखो अनुयायी दीक्षाभूमीकडे निघालेले असतात. दीक्षाभूमी इथून जवळ आहे. त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी ही फेरी ठेवूच नका.

दोन दिवस आधी, त्याच वेळेला, एकट्याने सगळा रस्ता चालून या. पायऱ्या कुठे अरुंद आहेत, दिवा कुठे नाही, बायकांसाठी नीट स्वच्छतागृह कुठे आहे, हे तेव्हाच कळतं. तीन जागा ठरवा, चौथी नको. एखादा जिना चढून जायची पहिल्या मजल्यावरची, एखादी काळ्या काचेमागची, एखादी जेवण चांगलं असलेली. सेंट्रल बाजार रोडवरची सेंटर पॉइंट, तुली इम्पीरियल ही मोठी हॉटेलं सगळ्यांना दिसतात, त्यांच्यासाठी वाटाड्या लागत नाही. मॅनेजरशी समोरासमोर बोला : “भाऊ, गुरुवारी साडेसातला आठ जण येऊ, पाऊण तास बसू. दोन टेबलं जोडून मिळतील का?” नाही म्हणाला तर आग्रह करू नका. परवाना नसलेला अड्डा कितीही रंगतदार वाटला तरी वर्ज्य.

येणाऱ्यांना दोन गोष्टी आधीच कळवा. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी वय २१ पूर्ण लागतं, कडक दारूसाठी २५. ओळखपत्र सोबत हवं. आणि पिण्याचा परवानाही लागतो; एका दिवसाचा अगदी थोड्या पैशांत मिळतो. गाडी घरीच ठेवायला सांगा. न पिणाऱ्यांनाही बोलवा, त्यांच्यासाठी लिंबू सोडा आणि चांगला चकना असतोच.

झाशी राणी चौकाच्या मेट्रो स्टेशनपाशी साडेसहाला जमा. तिथून पंचशील चौकाकडे चालत जाताना गोष्ट सांगायला घ्या, कारण आत बसल्यावर कोणी ऐकत नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला आणि मुंबईत घराघरांत चोरटे अड्डे निघाले. नागपूर तेव्हा त्या राज्यात नव्हतं, मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि पुढे तो कायदा इथेही आला. ‘परमिट रूम’ ही पाटी त्याच कायद्याची देणगी. वर्धा रोडकडे बोट दाखवून पुढचा भाग सांगा : डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली, आणि जुलै २०१७ मध्ये शहरांच्या हद्दीतल्या रस्त्यांना त्यातून मोकळीक दिली. शेजारचा वर्धा जिल्हा आजही दारूबंदीचा आहे, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. हा नकाशा डोक्यात असला की नागपुरातल्या काळ्या काचा वेगळ्या दिसायला लागतात.

रामदासपेठेत शिरल्यावर आवाज खाली. ही दवाखान्यांची वस्ती आहे आणि रुग्णालयाभोवती शांतता पाळायची असते. पायरीवर डबा घेऊन बसलेले रुग्णांचे नातेवाईक दिसतील. त्यांच्यासमोरून हसतखिदळत जाऊ नये.

आत गेल्यावरचा नियम एकच, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : मोबाइल खिशात. कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा बसलेला माणूस तिथे आलाय कारण तिथे त्याला कोणी बघत नाही. जागा दाखवा, जिना दाखवा, पण तो माणूस दाखवायचा नाही. फोटो हवाच असेल तर आपल्या ताटाचा घ्या.

प्रत्येक ठिकाणी एकच पेग किंवा अर्धी बिअर, आणि त्याआधी पोटात काहीतरी : शेंगदाणे, चना चटपटा, उकडलेली अंडी. दोन जागांच्या मध्ये लेंड्रा पार्कच्या बाजूने थोडं चाला आणि सगळ्यांना पाणी प्यायला लावा. बाटली घेऊन रस्त्यावर यायचं नाही. सावजी रस्सा शेवटच्या ठिकाणीच मागवा. त्याचा तिखटपणा आधी लागला तर पुढची चव कळत नाही, आणि बाहेरगावचा पाहुणा तर पाण्यावरच राहतो.

नेणाऱ्याने स्वतः पिऊ नये, एक घोटही नाही. कोण गप्प झालंय, कोणाचा पाय डगमगतोय, कोणाला घरून फोन येतोय, हे बघायला एक जण शुद्धीत हवाच.

साडेनऊला आवरा. मेट्रोची शेवटची वेळ आधीच बघून ठेवलेली असावी. उरलेल्यांना रिक्षा करून द्या आणि पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत जागे राहा. बिल तुम्ही भरा, हिशेब दुसऱ्या दिवशी वाटून घ्या. वेटरची टीप मात्र निघण्यापूर्वी, रोख, त्याच्याच हातात.