हवेची बंदूक

जत्रेत फुगे फोडायची बंदूक आपण सगळ्यांनी पाहिली आहे. फळीवर रंगीत फुगे लावलेले असतात. पैसे द्यायचे, बंदूक खांद्याला लावायची आणि नेम धरायचा. नेम चुकला की आपण म्हणतो, "बंदूकच वाकडी आहे!" कधी कधी ती खरोखरच वाकडी असते.

ही बंदूक हवेची. तिच्यात दारू नसते. नळी मधून मोडून खाली ओढली की आतली जाड स्प्रिंग दाबली जाते. मग नळीत शिशाचा छर्रा ठेवायचा आणि नळी सरळ करायची. घोडा ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि कोंडलेली हवा छर्ऱ्याला ढकलते. सायकलच्या पंपाचे भोक बोटाने दाबा आणि दट्ट्या मारून पाहा. बोट कसे ढकलले जाते! तसेच हे.

आता शहरांत मोठी माणसेही या बंदुकीने नेमबाजी शिकू लागली आहेत. कचेरीतले कारकून येतात, दुकानदार येतात, घर सांभाळणाऱ्या बाया येतात. यात पळावे लागत नाही, म्हणून पन्नाशीतही शिकता येते. जागाही थोडी लागते. नेम १० मीटरवरून, म्हणजे साधारण ३३ फुटांवरून धरायचा. एवढे अंतर एखाद्या लांब खोलीतही मिळते.

२००८ साली चीनमध्ये बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा यांनी याच खेळात सोन्याचे पदक मिळवले. एकट्याने खेळून ऑलिंपिकचे सोने आणणारे ते पहिले भारतीय. २०२२ साली ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील जगज्जेते झाले. असे काही घडले की लोकांना वाटते, आपणही बघू या!

पण हे काम दिसते तितके सोपे नाही. रायफलीच्या निशाणाचा मधला ठिपका केवढा असतो? अर्धा मिलिमीटर! खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. अंग स्थिर ठेवायचे. श्वास घ्यायचा, थोडा सोडायचा, क्षणभर रोखायचा आणि घोडा अलगद दाबायचा. झटका दिला की नेम गेलाच. नेम जमत नसेल तर बंदूक खाली घ्यायची आणि पुन्हा सुरुवात करायची. आम्हांला वाटते, खरे अवघड हेच. हात शिवशिवत असताना थांबायचे!

हवेची आहे म्हणून ती खेळणे समजू नका. छर्रा डोळा फोडतो. दगडावर किंवा लोखंडावर आपटला तर उलटून येतो. म्हणून बंदूक रिकामी असली तरी माणसाकडे रोखायची नाही. नेम धरेपर्यंत घोड्यावर बोट नको. छर्रे शिशाचे असतात आणि शिसे पोटात गेले तर विषारी. जेवणापूर्वी हात साबणाने धुवा.

गावात ही बंदूक माकडे हाकलायला ठेवतात. मग रिकामा वेळ मिळाला की कोणीतरी होला पाडतो, पारवा पाडतो. १९७२ सालच्या वन्यजीव कायद्याने रानातली पाखरे मारणे गुन्हा आहे. दूर अरुणाचल प्रदेशात हवेच्या बंदुका घरोघर होत्या. त्यांनी पाखरे इतकी मारली जात की राने मुकी होऊ लागली. २०२१ साली तिथल्या सरकारने लोकांना विनंती केली. पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या एका गावापासून सुरुवात झाली आणि लोकांनी आपण होऊन बंदुका आणून दिल्या.

कमी जोराच्या साध्या बंदुकीला परवाना लागत नाही. जोर २० ज्यूलच्या वर गेला की लागतो. हा आकडा दुकानदाराला आधी विचारा. शिकायचेच असेल तर लगेच बंदूक विकत घेऊ नका. जिल्ह्याच्या गावी नेमबाजीचा क्लब आहे का, याची चौकशी करा. पुष्कळ ठिकाणी शिकाऊ माणसाला क्लबचीच बंदूक वापरायला मिळते.